ज्याचा फोन, त्याच्या हाती

मुलांनो, तुमच्या घरात दादा, दादी किंवा नानी असतील. त्यांचा मोबाइल अडला की ते कोणाला हाक मारतात? बहुतेक तुम्हालाच. ‘बेटा, जरा देख तो, ये क्या आ गया,’ असे म्हणून ते फोन तुमच्या हाती देतात. तुम्ही काचेवर दोन-तीन वेळा बोट फिरवता, काम होते आणि तुम्ही पुन्हा खेळायला पळता. दादी दुवा देतात. तुम्हालाही बरे वाटते.

ही मदत चांगलीच आहे. ती करू नका, असे मी सांगणार नाही. पण या मदतीत एक गोष्ट हरवते आणि ती आपल्या लक्षात येत नाही. त्या हरवलेल्या गोष्टीविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे.

वैजापूरला आमच्या गल्लीत एक खाला राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. त्यांची मुलगी लग्न होऊन मालेगावला गेली, त्याला आता चाळीस वर्षे होत आली. मालेगाव तसे फार लांब नाही. येवला आणि मनमाड ओलांडले की मालेगाव. पण त्या काळी सासरी गेलेल्या मुलीला वरचेवर माहेरी येता येत नसे. मग तिचे पत्र येई. पत्र उर्दूत असे आणि खालांना तर वाचता येत नसे. टपालवाला पत्र देऊन गेला की त्या गल्लीतल्या एखाद्या शाळकरी मुलाला बोलावत. तो ओट्यावर बसून मोठ्याने पत्र वाचून दाखवी. शेजारच्या दोन-तीन बायका हातातली कामे टाकून ऐकायला येत. आणि पत्रात काय असे? ‘यहाँ सब खैरियत है.’ दर वेळी खैरियतच! मुलीलाही ठाऊक होते, की आपले पत्र अम्मी वाचणार नाही, दुसरेच कोणीतरी वाचणार आहे. म्हणून मनातले दुखणे तिने कधी कागदावर उतरवलेच नाही.

पुढे १९९० च्या सुमारास गावोगावी पिवळ्या पाटीची टेलिफोनची दुकाने निघाली. पाटीवर ‘एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ.’ असे लिहिलेले असे. काचेच्या लहानशा खोलीत उभे राहून बोलायचे. समोर मीटरचे लाल आकडे पळत असत आणि बाहेर रांग उभी असे. रात्री उशिरा दर कमी होत, म्हणून लोक तेव्हाच जास्त येत. खालाही जात. पण पैसे मोजत आणि लोकांच्या नजरा चुकवत आई-मुलीचे बोलणे कसे होणार? पुन्हा खैरियतच.

या दुकानांची एक गोष्ट मात्र तुम्हाला माहीत असायला हवी. सरकार ही केंद्रे देताना अपंग माणसांना प्राधान्य देत असे. त्यामुळे अनेक गावांत टेलिफोनच्या गल्ल्यावर पायाने अधू असलेला किंवा अंध माणूस बसलेला दिसे. साऱ्या गावाचे बोलणे त्याच्या हातून जाई आणि त्याच कामावर त्याचे घर चाले. मोबाइल घराघरांत पोचला तशी ही दुकाने बंद पडली. त्या माणसांचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी विचारले नाही.

भारतातला मोबाइलवरचा पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. आमच्या गल्लीपर्यंत तो फोन यायला आणखी बरीच वर्षे लागली. तो आला तेव्हा बटणांचा होता. तसा एखादा जुना फोन घरात पडला असेल, तर ‘५’ या आकड्यावरून बोट फिरवून पाहा. तेथे एक बारीकसा उंचवटा लागेल. तो चुकून राहिलेला नाही. डोळ्यांनी न पाहता बोटांना मधले बटण सापडावे, म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. मधले सापडले की त्याच्या वर २, खाली ८, डावीकडे ४ आणि उजवीकडे ६. खालांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी त्या उंचवट्यावरून मोजून मुलीचा दहा आकडी नंबर बोटांनी पाठ केला. तुम्ही पाढे पाठ करता तसा. मग एके दिवशी घरात कोणी नसताना त्यांनी तो नंबर लावला. आयुष्यात पहिल्यांदा त्या आपल्या मुलीशी एकट्याने बोलल्या. काय बोलल्या, ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, आणि तेच तर महत्त्वाचे आहे.

काही वर्षांनी मुलाने मोठ्या प्रेमाने त्यांना नवा फोन आणून दिला. मोठी चकचकीत काच, एकही बटण नाही. आता बोटांना काय सापडणार? काच तर सगळीकडे सारखीच गुळगुळीत. खालांचे पाठांतर वाया गेले. नंबर लावायला नातू येऊ लागला. तो फोन लावून देई, आवाज मोठा करी आणि तेथेच बसून राही. आणि पलीकडून मुलगी म्हणे, ‘सब खैरियत है, अम्मी.’

पाहिलेत ना? फोन नवा, पण खाला पुन्हा ओट्यावरच्या पत्राशी येऊन पोचल्या.

आपल्याला वाटते, की यंत्र जितके नवे तितके ते सर्वांच्या जास्त सोयीचे. तसे नसते. एखादे यंत्र आज एका माणसासाठी दार उघडते आणि त्याचीच पुढची आवृत्ती ते दार बंद करते. हे कोणी दुष्टपणाने करत नाही. फोन तयार करणाराचे डोळे तरुण असतात, बोटे मऊ असतात, कान तीक्ष्ण असतात. आपल्यासारखेच सगळे असतील, असे तो धरून चालतो. चूक तेथेच होते.

वय झाले की शरीरात काय बदल होतात, ते जरा नीट समजून घ्या. म्हणजे ‘दादींना काही जमतच नाही’ असे तुम्ही पुन्हा म्हणणार नाही. फोनच्या काचेखाली अगदी सूक्ष्म विद्युत्‌भार असतो. बोट टेकले की त्यात फरक पडतो आणि त्यावरून फोनला स्पर्श कळतो. म्हाताऱ्या माणसाच्या बोटांची कातडी कोरडी झालेली असते. जन्मभर कापूस वेचला, कांदा काढला, भांडी घासली, तर ती घट्टही होते. अशा बोटाचा स्पर्श काचेला नीट कळत नाही. मग माणूस जोरात दाबतो आणि बराच वेळ दाबून ठेवतो. फोनच्या भाषेत दाबून ठेवण्याचा अर्थ वेगळाच असतो, त्यामुळे भलतेच काहीतरी उघडते. हात थरथरत असेल, तर एकाच्या जागी दोन स्पर्श होतात.

कानांचेही तसेच. वय वाढले की आधी बारीक आणि तीक्ष्ण आवाज ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे वर्ण अशा आवाजांत मोडतात. ‘साठ’ म्हटले तर त्या माणसाला ‘आठ’ ऐकू येते. म्हणून दादा म्हणतात, ‘सुनाई देता है, पर समझता नहीं.’ आपण मग ओरडतो. ओरडल्याने ‘आठ’च अधिक मोठा ऐकू येतो, ‘स’ काही परत येत नाही. हळू आणि सुटे बोलल्याने मात्र खूप फरक पडतो. आता बँकेच्या यंत्रातला आवाज आठवा. ‘यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा’, हे तो किती भरभर सांगतो! त्याला ‘जरा हळू बोल बेटा’ असे सांगण्याची सोय नसते.

हा थोड्या माणसांचा प्रश्न आहे, असे म्हणणारे लोक भेटतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. साठ वर्षांवरील माणसे तेव्हाच दहा कोटींहून अधिक होती. याला थोडी माणसे कसे म्हणायचे? आणि अपंगत्व प्रत्येकाला येईलच असे नाही, पण म्हातारपण तर ज्याला आयुष्य लाभले त्या प्रत्येकाला येते. फोन तयार करणारालाही.

शिवाय इतिहास पाहिला, तर एक गंमत दिसते. माणसे एकमेकांशी ज्या साधनांनी बोलतात आणि लिहितात, त्यांतली कितीतरी साधने अंध आणि बहिऱ्या माणसांच्या गरजेतूनच जन्मली आहेत. १८०८ च्या सुमारास इटलीत पेल्लेग्रिनो तुर्री नावाच्या माणसाने एक टंकलेखन यंत्र तयार केले. आपल्या एका अंध मैत्रिणीला स्वतःची पत्रे स्वतः लिहिता यावीत, एवढाच त्याचा हेतू होता. तिला पत्र दुसऱ्याला सांगून लिहून घ्यावे लागत असे. दोनशे वर्षांपूर्वीची इटलीतली ती बाई आणि वैजापूरच्या आमच्या खाला, दोघींचे दुखणे एकच!

टेलिफोनचे पेटंट १८७६ मध्ये ज्याने घेतले, त्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलची आई बहिरी होती. त्याची पत्नीही लहानपणापासून बहिरी होती आणि तो स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक होता. आवाज म्हणजे काय, तो तारेतून कसा जाईल, हा विचार त्याच्या मनात त्या कामातूनच वाढला. पण दैव पाहा. ज्या माणसांमध्ये तो जन्मभर वावरला, त्यांनाच त्याचा टेलिफोन वापरता येत नव्हता. बहिऱ्या माणसाला टेलिफोनच्या तारेवरून टंकलिखित मजकूर पाठवता यावा, अशी सोय अमेरिकेत १९६४ मध्ये झाली. ती करणारा रॉबर्ट वाइटब्रेख्ट हा भौतिकशास्त्रज्ञ स्वतःच बहिरा होता. म्हणजे १८७६ ते १९६४, तब्बल अठ्ठ्याऐंशी वर्षे! आणि आज ज्या इंटरनेटशिवाय तुमचे पान हलत नाही, त्याची पायाभरणी करणाऱ्यांत व्हिंट सर्फ हे एक प्रमुख नाव आहे. त्यांनाही लहानपणापासून कमी ऐकू येते.

लुई ब्रेल याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. तो तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कारखान्यात डोळ्याला इजा होऊन अंध झाला. १८२४ मध्ये, म्हणजे तुमच्याएवढ्या वयात, पंधराव्या वर्षी त्याने सहा उठावदार ठिपक्यांची लिपी तयार केली. पण त्या लिपीविषयीची एक गोष्ट कदाचित तुम्हाला ठाऊक नसेल. आपल्या देशात १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धत स्वीकारली गेली. तिच्यात मराठीचा ‘क’ आणि उर्दूचा ‘काफ’ अगदी सारखे आहेत. डाव्या रांगेतला वरचा ठिपका आणि खालचा ठिपका, झाला क. मराठीचा ‘म’ आणि उर्दूचा ‘मीम’ हेही तसेच. आणखी नवलाची गोष्ट अशी, की तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता, पण ब्रेलमधली उर्दू मराठीप्रमाणेच डावीकडून उजवीकडे वाचतात. मराठीची बाराखडी शिकताना तुम्हाला जे कष्ट पडतात, त्यांतले बरेचसे तुमच्या अंध भावंडाला पडत नाहीत. एवढ्या एका बाबतीत तरी ते तुमच्या पुढे आहे.

आपल्या राज्यातही या कामाची परंपरा आहे. कानांच्या आणि वाणीच्या दोषांवर काम करणारी एक मोठी राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे स्थापन झाली. तिला अली यावर जंग यांचे नाव दिले आहे. ते मूळचे हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता, तेव्हा हे नाव आपल्याला परके नाही. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही सुरू केला. पूर्वी आपण ‘अपंग’ म्हणत होतो, आता ‘दिव्यांग’ म्हणतो. शब्द बदलला हे ठीक झाले. पण कितीतरी कचेऱ्यांच्या पायऱ्या मात्र होत्या तेवढ्याच आहेत, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. १९९५ मध्ये आपल्याकडे अपंग व्यक्तींसाठी पहिला मोठा कायदा झाला. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्याच्या बेचाळिसाव्या कलमात स्पष्ट लिहिले आहे, की माहिती आणि संपर्काची साधने दिव्यांग व्यक्तींना वापरता येतील अशी करणे ही सरकारची जबाबदारी आहे. रोजच्या वापराची विजेवर चालणारी उपकरणेही सर्वांना वापरता येतील अशी मिळावीत, असे तेथे म्हटले आहे. ‘हक्क’ हा शब्द नीट लक्षात ठेवा. तो तुमच्याही भाषेत आहे. मराठीतले अर्ज, दाखला, मुदत, तारीख, रक्कम हे सगळे कचेरीतले शब्द आपण वाटून घेतलेले आहेत. पण अर्ज वेगळा आणि हक्क वेगळा. अर्ज मंजूर होतो किंवा नामंजूर होतो. हक्क हा मुळातच आपला असतो.

या हक्काची एक लढाई अगदी अलीकडे झाली. बँकेत फोनवरून खाते उघडायचे, तर अनेकदा फोनसमोर चेहरा धरून डोळे मिटून उघडावे लागतात. समोर जिवंत माणूस आहे, चित्र नाही, हे यंत्राला त्यावरून कळते. प्रज्ञा प्रसून या महिलेच्या चेहऱ्यावर ॲसिडचा हल्ला झालेला होता. त्यांना पापण्या मिटता येत नव्हत्या. यंत्राच्या दृष्टीने त्या जिवंतच नव्हत्या! त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला, की अशा डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. न्यायालयाने सरकारला आणि संबंधित संस्थांना वीस सूचना दिल्या. पापणी मिटण्याखेरीज दुसरी पद्धत ठेवा, ही त्यांतलीच एक.

दिल्लीतला निकाल वैजापूरला पोचायला मात्र वेळ लागतो. आपला तालुका मोठा आहे. पार गोदावरीच्या काठापर्यंत गावे पसरली आहेत. तेथून म्हातारी माणसे निराधार योजनेच्या कागदांसाठी तालुक्याला येतात. एकदा एका सेवा केंद्रात मी माझ्या कामासाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक आजी होत्या. बोट यंत्रावर ठेवले, पण ठसा जुळेना. ‘आजी, बोट पुसा.’ पुसले. ‘दाबून धरा.’ दाबले. तिसऱ्यांदाही तेच. शेतात राबून त्यांच्या बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या. पूर्वी ज्याला सही येत नसे त्याचा अंगठा तरी चाले. आता तोही चालेना. मग त्यांच्या फोनवर ओ.टी.पी. आला. त्यांना तो वाचता येईना. त्यांनी फोन रांगेत मागे दिला आणि एका मुलाने सगळ्यांना ऐकू जाईल असा तो आकडा मोठ्याने वाचला. मुलगा साधा होता, मनात काही पाप नव्हते. पण ओ.टी.पी. म्हणजे पैशाच्या पेटीची किल्ली. ती अशी रांगेतून हातोहात फिरत गेली. म्हाताऱ्या माणसांना फोनवरून फसवणारे लोक नेमकी हीच सवय हेरतात. ज्याला जन्मभर दुसऱ्याच्या हाती फोन द्यावा लागतो, त्याला कोणाच्या हाती द्यावा आणि कोणाच्या देऊ नये, हे शेवटी कळेनासे होते.

ठसा जुळला नाही, तर बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवता येते. केवळ ठसा उमटत नाही म्हणून कोणाचा लाभ अडवू नये, असा नियमही आहे. पण त्या आजींना हे कोणी सांगितले नव्हते. आणि खरे सांगायचे, तर त्या दिवशी मीही काही बोललो नाही. मला घाई होती.

यंत्रे नकोत, असे माझे म्हणणे नाही. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला आता घरबसल्या फोनवरून देता येतो. ज्याला पलंगावरून उठता येत नाही, त्याला ही केवढी सोय आहे! २०२२ पासून साध्या बटणांच्या फोनवरूनही इंटरनेटशिवाय पैसे देण्याची सोय झाली आहे. बहिरी मुले आता चित्र दिसणाऱ्या फोनवर खुणांच्या भाषेत तासन्‌तास गप्पा मारतात. माझे म्हणणे एवढेच आहे, की यंत्र जरूर यावे, पण त्याच्या शेजारची खिडकी बंद होऊ नये. ज्याला यंत्र जमत नाही, त्याच्यासाठी खिडकीत माणूस असलाच पाहिजे. आणि यंत्र आणणाऱ्याने ते आधी एका सत्तर वर्षांच्या बाईच्या आणि एका अंध माणसाच्या हाती देऊन पाहावे. खर्च फार येतो, हे कारण मला पटत नाही. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी एक प्रणाली २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तयार करायला घेतली. ‘एन.व्ही.डी.ए.’ हे तिचे नाव. ती सर्वांना फुकट मिळते. डोळे नसलेल्या दोघांना हे जमले. मग डोळस कंपन्यांना का जमू नये?

आता माझीच एक चूक सांगतो. आमच्या वर्गाच्या पालकांना सूचना पाठवायची, तर मी ती सुंदर नस्तालीक अक्षरांत छापून तिचा फोटो सर्वांच्या फोनवर पाठवत असे. मला वाटे, किती देखणी दिसते! एकदा एका पालकांचा फोन आला. ‘सर, आप रोज क्या भेजते हैं? मेरा फोन तो सिर्फ तस्वीर बोलता है.’ ते गृहस्थ अंध होते. त्यांचा फोन त्यांना मजकूर वाचून दाखवत असे, पण फोटोतला मजकूर त्या फोनला वाचता येत नव्हता. परीक्षेच्या तारखा, फीची मुदत, सहलीचा दिवस, सगळ्याच्या जागी त्यांना वर्षभर ‘तस्वीर’ एवढाच शब्द ऐकू आला होता. काही नव्या फोनना फोटोतली अक्षरेही ओळखता येतात. पण तिरप्या, एकमेकांवर चढलेल्या नस्तालीकमध्ये ते अजून अडखळतात. त्या दिवसापासून मी सूचना साध्या टंकलिखित मजकुरात पाठवतो. ती देखणी दिसत नाही. पण ती पोचते. तुमच्या मोहल्ल्यात, मंडळात, शाळेत असे फोटो रोज फिरत असतील. खाली चार ओळी टंकलिखित करून टाकायला तुम्हाला मिनिटभरही लागणार नाही.

तुमच्या फोनमध्येही हा बोलणारा मदतनीस आहे. बहुतेक फोनवर त्याला ‘टॉकबॅक’ म्हणतात. तो सुरू करा, डोळे मिटा आणि मामूंना फोन लावून पाहा. मात्र तो बंद कसा करायचा, हे आधी नीट वाचून घ्या. मी ते वाचले नव्हते. माझा फोन अर्धा तास बडबडत होता आणि घरातले सगळे हसत होते. अक्षरे मोठी करणे, थरथरणाऱ्या बोटाचा दुहेरी स्पर्श सोडून देणे, किती वेळ दाबले म्हणजे ‘दाबून ठेवले’ असे समजायचे ते ठरवणे, अशा सोयीही अनेक फोनमध्ये असतात. त्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ या नावाच्या भागात, सहसा कोणी जात नाही अशा कोपऱ्यात ठेवलेल्या असतात. त्या वर का आणून ठेवत नाहीत, हा प्रश्न तुमच्यापैकी जो पुढे असे फोन तयार करील, त्याने जरूर सोडवावा.

आमच्या खालांच्या नातवाने, तो आठवीत आहे, मागच्या महिन्यात हे सगळे केले. काचेवरची सारी गर्दी त्याने काढून टाकली आणि फक्त चार मोठे फोटो ठेवले. मुलगी, मुलगा, धाकटी बहीण आणि डॉक्टर. फोटोवर बोट ठेवले की सरळ त्याच माणसाला फोन लागतो. दोन दिवस खाला चुकल्या. एकदा तर डॉक्टरांनाच फोन गेला आणि त्या त्यांच्याशी मुलगी समजून बोलू लागल्या. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. खालांनी मालेगावचा फोटो दाबला. घंटी वाजू लागली. नातू सवयीप्रमाणे शेजारी येऊन बसला.

‘जा, बाहर जा के खेल,’ खाला म्हणाल्या. मग माझ्याकडेही एकदा पाहिले आणि आत जाऊन दार लोटून घेतले.